भोंग्यातून आलेला श्वास

अब्बांच्या अजानमधली लांब ओळ पहिल्यांदा तुटली तेव्हा मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. डिसेंबर चालू होता. थंडीमुळे खिडकी लावून घेतली होती, तरी मशिदीचा भोंगा आमच्या घराच्या अगदी जवळ, त्यामुळे शब्दन्‌शब्द आत यायचा. त्या ओळीला अब्बा पोटातून दम घ्यायचे आणि शेवटच्या अक्षरापर्यंत तो पुरवायचे. त्या दिवशी ते शेवट जवळ आला असताना थांबले. खोकला आला नाही, शब्दही चुकला नाही. नुसते थांबले. भोंग्यात थोडी खरखर ऐकू आली आणि मग उरलेले शब्द आले, पण खालच्या आवाजात. माझे हात परातीतच राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, घशात धूळ बसली होती. पाणी प्यायले, नातीच्या शेजारी बसून तिचं गणित बघू लागले. मीही विषय सोडून दिला.

अब्बा आयुष्यभर बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सायकलवर जायचे, सायकलवर यायचे. निवृत्त झाल्यावर काय करायचं हा प्रश्न त्यांना फार दिवस पडला नाही, कारण त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या छोट्या मशिदीत अजान देणारे वयस्क गृहस्थ मुलाकडे राहायला गेले. ते काम अब्बांनी आपणहून मागून घेतलं. त्यांचा आवाज गोड नव्हता, पण भरदार होता आणि त्यात घाई नव्हती. अम्मी गेल्यावर मी, माझा नवरा आणि आमची मुलगी अब्बांच्या घरी राहायला आलो. नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान तिथून जवळ पडत होतं आणि मी ज्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते तेही. आमच्याकडे बायका मशिदीत जात नसत, त्यामुळे अब्बा तिथे कसे उभे राहतात, कानांवर हात कसे ठेवतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा तो भाग मला फक्त कानाने माहीत होता. कदाचित म्हणूनच मला तो इतका बारकाईने माहीत होता.

भवानी पेठेतली आमची गल्ली म्हणजे यंत्रमागांची खटखट, एका दारातून तेलुगू, दुसऱ्यातून आमची दखनी आणि ओट्यावर सगळ्यांची मिळून मराठी. गल्लीच्या मागच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना. त्याच्या बॉयलरचं धुराडं आमच्या गच्चीपेक्षा जेमतेम हातभर उंच होतं. मी लहान असताना त्यात लाकूड जाळायचे आणि त्या धुराला निदान लाकडाचा वास असायचा. नंतर त्यात चिंध्या जायला लागल्या, मग रंगीत चिंध्या, मग आणखी काय काय. वासावरून आम्ही ओळखायचो. जळक्या रबराचा वास आला की पोती गेली, आंबट आणि झोंबरा आला की रंगाचे डबे. उन्हाळ्यात धूर वर निघून जायचा. थंडीत मात्र तो धुराड्यातून निघून तिथेच घोटाळायचा, मग हळूहळू गच्च्यांवरून उतरून गल्लीत बसायचा. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता. पलीकडचा रस्ता खोदून ठेवल्यापासून सगळे ट्रक तिथून जात आणि आमच्याच कोपऱ्यावर वळायला अडकत. इंजिन चालू ठेवून उभे राहत.

अब्बांचे पांढरे कुर्ते मी गच्चीवर वाळत घालायचे. संध्याकाळी काढायला गेलं की त्यांवर काळे कण. हात लावला की ते पसरत, डाग पडे. म्हणून आधी फुंकर मारून ते उडवायचे आणि मग कुर्ता दोरीवरून काढायचा, हे आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना न शिकवता येत होतं. आपण फुंकर मारण्याआधी श्वास आत घेतो, तो तिथलाच, हे त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही.

गल्लीत खोकला होताच. कुणाचा कोरडा, कुणाचा ओला, कुणाचा पहाटेचा. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे कुणाचा कोणता हे सगळ्यांना ठाऊक. शेजारच्या तेलुगू घरातली बाई, जिला मी लहानपणापासून अक्का म्हणते, ती मिरी आणि खडीसाखर पदराला बांधूनच फिरायची. आमच्याकडे अब्बांना आल्याचा काढा, हळदीचं दूध, निलगिरीचा वाफारा हे सगळं झालं. जानेवारीत थंडी कमी झाली की जाईल असं ठरलं होतं. जानेवारी गेला. ओळ आता रोजच तुटू लागली होती आणि तुटण्याची जागा एक-एक शब्द अलीकडे सरकत होती. पूर्वी ती जवळजवळ शेवटाला तुटायची, मग मध्यावर, आता त्याच्याही अलीकडे. बाकी कुणाच्या हे लक्षात येतंय का म्हणून मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, वय झालं आता त्यांचं. वय एका थंडीत इतकं होत नाही, असं मी म्हणाले.

एका रविवारी दुपारी माझी मुलगी गच्चीच्या जिन्यात खेळत होती. उपड्या बादलीवर उभी राहून, स्टीलचा पेला तोंडापुढे माईकसारखा धरून ती तिच्या नानांची, म्हणजे अब्बांची, नक्कल करत होती. तिचा चिमुकला आवाज चांगला लागत होता. मी हसत ऐकत होते. लांब ओळ आली आणि ती मध्ये थांबली. छाती वर उचलून एक श्वास घेतला आणि पुढचे शब्द खालच्या आवाजात म्हटले.

“तिथं थांबायचं नसतं,” मी म्हणाले. “सलग म्हणायचं.”

“नाना असंच म्हणतात,” ती म्हणाली.

अखंड ओळ दोन महिन्यांत तिच्या आठवणीतून पुसलीही गेली होती. तिच्या समजुतीप्रमाणे ती तशीच होती, मध्ये भोक असलेली. मी तिच्या हातातून पेला घेतला आणि आत जाऊन घासायच्या भांड्यांत ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी अब्बांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

जाताना ते सारखं सांगत होते की हे सगळं कशाला. आमच्या गल्लीच्या डॉक्टरांनी आधी टीबीची शंका काढली होती, थुंकी तपासून झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं. अब्बांच्या मते तिथेच विषय संपला होता. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं, नाकाला चिमटा लावून तोंडात एक नळी दिली आणि तिथली मुलगी सांगू लागली, फुंका, जोरात, अजून, अजून, सोडू नका. अब्बांच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावरची रेघ वर चढली आणि लगेच खाली वाकली. पुन्हा केलं. पुन्हा तशीच वाकली. ज्यांनी आयुष्यभर नटबोल्टवर ताकद लावली होती, ते त्या एवढ्याशा नळीपुढे ओशाळून बसले होते.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, “किती वर्षं ओढत होता?”

अब्बांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी अगदी स्वच्छ मराठीत सांगितलं की त्यांनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही, पानसुद्धा खाल्लेलं नाही. ते दुखावले गेले होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. घर कुठे, आजूबाजूला काय आहे, नोकरी कुठे केली, हे एकेक विचारलं. अब्बा सांगत गेले. डेपोचं वर्कशॉप, बंद शेडमध्ये चालू ठेवून तपासायची इंजिनं, घरामागचं धुराडं, कोपऱ्यावरचे ट्रक.

“मग ओढली तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. “फक्त विकत घेतली नाही.”

पुढचं त्यांनी मला सांगितलं. फुप्फुसांतल्या नळ्या आकसल्यात, काही भाग निकामी झालाय. जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळायचं. तोंडात ओढायच्या औषधाचा पंप दिला, तो कसा वापरायचा ते दाखवलं. धुरापासून लांब राहा म्हणाले. अब्बांनी मान हलवली. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना मला म्हणाले, धुरापासून लांब म्हणजे कुठे, ते विचारायला पाहिजे होतं.

पंप त्यांना आवडला नाही. गल्लीत ज्यांच्या हातात तो आला ते पुढे फार हिंडताफिरताना दिसले नव्हते, हे त्यांनी पाहिलेलं. ते तो कपाटात कपड्यांखाली ठेवायचे आणि आत जाऊन दार लोटून घ्यायचे. पण औषधाने फरक पडला. ओळ पुन्हा मध्यापर्यंत गेली. मला वाटलं, आता सावकाश का होईना, तुटण्याची जागा पुन्हा शेवटाकडे सरकेल.

मग रमजान आला. तो हल्ली थंडी सरता सरता येतो, म्हणजे हवा सगळ्यात वाईट असते तेव्हा. इमामसाहेबांनी अब्बांना घरी येऊन समजावलं की आजाऱ्याला सवलत आहे, पंप घ्या, वाटल्यास रोजे सोडा. अब्बांनी ऐकून घेतलं, त्यांना भर रोज्यात, सवयीने, चहा घेणार का म्हणून विचारण्याची चूक केली आणि त्यावर दोघंही हसले. पण रोजे सोडले नाहीत, आणि रोजा तुटेल म्हणून दिवसा पंपही घेतला नाही. मी रागावले. नवऱ्याने रदबदली केली. अब्बांचं म्हणणं एकच होतं, एवढी वर्षं निभलं तसं याही वर्षी निभेल.

एका संध्याकाळी रोजा सोडायला आम्ही घरी दस्तरखान अंथरून बसलो होतो. कलिंगडाच्या फोडी, भजी, खजूर. मागच्या कारखान्यात दुपारपासून काहीतरी जळत होतं आणि गल्लीतले दिवे पिवळसर, मळके दिसत होते. अजान सुरू झाली तसा सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. पहिले शब्द नीट आले. लांब ओळ सुरू झाली, तुटली, आणि या वेळी पुढचे शब्द आलेच नाहीत.

त्याऐवजी भोंग्यातून अब्बांचा श्वास आला. शिट्टी वाजल्यासारखा बारीक, आत ओढलेला. मग पुन्हा आत. मग पुन्हा. बाहेर पडताना ऐकूच येत नव्हता. माईक त्यांच्या तोंडाजवळ होता आणि भोंगा नेहमीइतकाच मोठा होता, त्यामुळे तो श्वास सगळ्या गल्लीवरून, गच्च्यांवरून, कोपऱ्यावर अडकलेल्या ट्रकांवरून गेला. शेजारचा माग तसाच खटखट चालला होता. मग काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात, अडखळत, ओळ पुरी झाली.

मी अनवाणी धावले. मशिदीच्या आत आपण आलोय हे मला हातपाय धुण्याच्या हौदापाशी पोचल्यावर कळलं आणि कुणी मला अडवलंही नाही. अब्बा हौदाच्या भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले. ओठ जांभळे. कुणीतरी त्यांना टोपीने वारा घालत होतं. त्यांच्या डोळ्यांत मला ओळखल्याची खूण होती, पण बोलायला हवा नव्हती. नवरा पंप घेऊन आला. मग रिक्षा, मग दवाखाना, मग तोंडावर मास्क.

तिथे ते बरेच दिवस होते. मी कपडे न्यायला घरी आले तेव्हा अक्का दारात उभी होती. ती म्हणाली की त्या वेळी ती वडे तळत होती. आवाज ऐकल्याबरोबर गॅस बंद केला आणि भिंतीला हात धरून उभी राहिली.

“मला माहीत आहे गं तो आवाज,” ती म्हणाली. “माझ्या सासऱ्यांचा असाच होता शेवटी.”

मग तिने जीभ चावली आणि डबा माझ्या हातात दिला.

डॉक्टरांनी या वेळी गोलमोल बोलणं सोडलं. या माणसाला त्या हवेतून बाहेर काढा, म्हणाले. बार्शीला माझी फुफी, अब्बांची बहीण, राहते, गावाच्या कडेला, शेतांना लागून. अब्बांना तिच्याकडे नेलं. पहिले काही आठवडे ते फोनवर दोन-तीन शब्दांतच बोलायचे. नंतर वाक्यं लांबू लागली. एकदा तर त्यांनी फुफीच्या दारातल्या कडुलिंबाबद्दल, त्यावर येणाऱ्या पोपटांबद्दल बराच वेळ सांगितलं आणि मी ऐकताना फक्त श्वास कुठे घेतात एवढंच पाहत होते. शब्द कानात शिरत नव्हते.

ते तिथे असताना आम्ही कारखान्याच्या मालकाला भेटायला गेलो. आधी प्रदूषणाच्या कचेरीत तक्रार देऊन झाली होती. माणसं येऊन बघून गेली होती. ती आली त्या दिवशी बॉयलरमध्ये लाकूड जळत होतं. म्हणून आता मी, नवरा आणि अक्का असे तिघं थेट त्यांच्याकडे. मालक अब्बांच्याच वयाचे. लहानपणी दोघं एकाच मैदानात कबड्डी खेळलेले. अब्बा त्यांना नावाने हाक मारत, ते अब्बांना भाई म्हणत. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. त्यांच्या खोलीत, पंख्याच्या पात्यांवर, कॅलेंडरवर, टेबलाच्या काचेखालच्या देवाच्या फोटोच्या कडेला तीच काळी पूड होती.

मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा तेच म्हणाले, “भाईंचं मी बी ऐकलं त्या दिवशी. हितंच बसलो होतो.”

मग त्यांनी सांगितलं की बॉयलर बंद ठेवला तर रंगाचं काम बंद आणि रंगाचं काम बंद झालं की निम्मी गल्ली घरी बसेल. अक्काच्या मुलाला तर त्यांच्याकडेच काम होतं. अक्काने मान खाली घातली. नवऱ्याने विनवलं, निदान चिंध्या आणि पोती तरी जाळू नका. मालकांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि निळा पंप काढून टेबलावर ठेवला. अब्बांना दिला होता तसाच.

“मलाबी हाय की हे,” ते म्हणाले. “दिवसभर हितंच असतो. कुटं जाऊ?”

त्यांच्या आवाजात मग्रुरी नव्हती, रागही नव्हता. मी येताना खूप काही ठरवून आले होते. भांडायची तयारी होती, रडायचीही होती. आम्ही चहा प्यालो आणि उठलो.

त्यानंतर त्यांनी एक केलं. धुराडं उंच करून घेतलं. महिन्याभरात आमच्या गल्लीतला वास खरोखरच कमी झाला. अक्काने दारात येऊन सांगितलं की तिच्या कपड्यांवर कण कमी पडतायत. आम्ही सगळेच खूश होतो. मग एके दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर शिकवणारी बाई, जी दोन पेठा पलीकडे राहते, ती विचारू लागली की तुमच्याकडेही हल्ली जळक्या रबराचा वास येतो का. तिच्या सासूला झोप लागत नाही म्हणे, उठून बसते. वास कुठून येतो ते मी तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर तो विषय तिने काढला नाही.

पावसाळ्यात अब्बा परत आले. फुफी नको म्हणत होती, डॉक्टर नको म्हणत होते, पण त्यांना ते घर हवं होतं. त्यांचा जन्म तिथला, अम्मी तिथेच गेली. हवा धुतलेली होती, ट्रकसुद्धा कमी वाटत होते, आणि ते खरंच चांगले दिसत होते. अजान आता एक तरुण शिक्षक देत असे. त्याला ती ओळ सहज एका दमात यायची. अब्बा वेळ झाली की दारात येऊन उभे राहत आणि ती संपेपर्यंत हलत नसत. एकदा मी त्यांना आत बोलावलं, तर हातानेच थांब म्हणाले.

दिवाळीनंतर पुन्हा धूर उतरू लागला. धुराडं उंच झालं होतं, पण थंडीतली हवा खाली दाबतच होती, आणि रस्ता अजून खोदलेलाच होता. मुलीला शाळेत कविता म्हणायची होती. ती घरात सराव करत होती आणि कडव्याच्या मध्ये थांबत होती. मला वाटलं, सवय लागलीय. तिला सांगितलं, इथे थांबायचं नाही. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली. या वेळी तिने नानांचं नाव घेतलं नाही.

काही दिवसांनी तिच्या खेळाच्या सरांचा फोन आला. ती मैदानावर पळताना खाली बसते आणि जिना चढताना मध्ये थांबते, घरी काही सांगते का, असं त्यांनी विचारलं. ती घरी काहीच सांगत नव्हती. नक्कल कधी संपली आणि तिचं तिचं थांबणं कधी सुरू झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी रोज तिच्या शेजारी होते.

डॉक्टरांकडे अब्बाही आले. घरी थांबा म्हटलं तरी ऐकलं नाही. लहान मुलांसाठी तिथल्या पडद्यावर वेगळं चित्र असतं. केकवर मेणबत्त्या पेटलेल्या दिसतात आणि नळीत फुंकलं की त्या विझत जातात. मुलीला ते फार आवडलं. ती हसतच बसली, नाकाला चिमटा लावून घेतला, गाल फुगवले आणि फुंकलं. काही मेणबत्त्या विझल्या. बाकीच्या जळत राहिल्या. पुन्हा फुंकलं. पुन्हा तेवढ्याच.

“विझत का नाहीत?” तिने विचारलं.

अब्बा भिंतीशी खुर्चीवर बसले होते. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा हात छातीवर होता, दुखत असल्यासारखा नव्हे, कुणाची तरी शपथ घेताना ठेवतात तसा.

डॉक्टर म्हणाले, हिला दमा आहे. नानांचं आणि हिचं सारखं नाही, हिच्या नळ्या अजून औषधाला दाद देतील. पण त्या हवेत ठेवलीत तर मी काही सांगू शकत नाही. मी विचारलं, मोठी झाली की जाईल ना. ते म्हणाले, काहींचं जातं.

घरी आल्यावर अब्बा ओट्यावर बसले. कोपऱ्यावर ट्रक घुरघुरत होते. स्वतःसाठी ज्यांनी ते घर कायमचं सोडलं नव्हतं, मरणाच्या दारात जाऊनही नाही, त्यांनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, “घर छोडेंगे अपन. बच्ची कू यहां नक्को.” एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

घर भाड्याने दिलं. घेणारं जोडपं तरुण होतं, अक्कलकोटकडच्या खेड्यातून कामासाठी शहरात आलेलं, बाईच्या कडेवर तान्हं बाळ. मी त्यांना सगळं सांगितलं. धुराडं, ट्रक, अब्बा, मुलगी. खिडकी कोणती लावून ठेवायची तेही. त्या माणसाने ऐकून घेतलं आणि हसला. आमच्याकडं उसाचं पाचट पेटवत्यात की, म्हणाला, धुराची सवय हाय आमाला. बाई हसली नाही. तिने पदराने बाळाचं तोंड झाकलं. पण दुसरीकडे त्यांना परवडणारं घर नव्हतं, आणि त्यांनी आमच्याच हातून किल्ली घेतली.

आम्ही शहराबाहेर, नव्या वस्तीत आलो. समोर मोकळं माळरान, त्यात बाभळी, संध्याकाळी वारा. पहिल्या हिवाळ्यात मुलीचा खोकला कमी झाला. सकाळ-संध्याकाळ औषध ओढते, शाळेत पुन्हा पळते, फक्त धुळीच्या दिवशी तिला आत थांबवतात. अब्बांचं मात्र डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. गेलं ते आलं नाही. आता खोलीत प्राणवायूचं मशीन आहे आणि दिवसातला बराच वेळ त्यांच्या नाकाला नळी असते. ते मोजकं बोलतात. पूर्वी गोष्ट सांगायला बसले की ती संपायची नाही. आता कोणता शब्द टाकायचा आणि कोणता वाचवायचा हे आधी ठरवतात, मग बोलतात. नातीला ते कळतं. ती त्यांचं वाक्य स्वतःच पूर्ण करते आणि बरोबर आहे का ते त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवते.

गेल्या महिन्यात समोरच्या माळावर बाभळी तोडल्या. मग जमीन सपाट झाली, पत्रे लागले, ट्रेलरवरून लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या आल्या. अब्बा दिवसभर खिडकीशी असतात, त्यांनी ते आधी पाहिलं. मला बोलावून विचारलं, तिथे काय होतंय. मी खाली जाऊन वॉचमनला विचारून आले. सिमेंट आणि खडी कालवायचा प्लांट होणार होता. आसपासच्या सगळ्या नव्या इमारतींना तिथूनच माल जाणार, दिवसरात्र गाड्या चालणार.

मी अब्बांना खोटं सांगितलं नाही. प्राणवायूच्या मशीनचा घरघर आवाज चालू होता.

“बच्ची की खिडकी उधरच है ना?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

“उसकू पीछे ले.”

त्याच दुपारी मी आणि नवऱ्याने तिची कॉट ओढत मागच्या खोलीत नेली आणि पुढच्या खिडकीच्या फटींत कापड कोंबलं. गाड्या अजून सुरू झालेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात होतील, असं वॉचमन म्हणाला.